दुसरी खुर्ची

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन आला. खरंच आला! मी ऑफिसच्या जिन्यात होते, एका हातात फाइली, दुसऱ्यात डबा. "मॅडम, आम्हाला तुम्हाला भेटायला आवडेल. बारा तारखेला जमेल? पटलं तर पंचवीसपर्यंत कळवा." नवी विमा कंपनी. त्याच्या गावातली — म्हणजे माझा नवरा नोकरीसाठी जिथे राहतो त्या गावातली.

अर्ज केल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. उत्तर येणारच नाही असं धरून चालले होते. आता सांगावं लागणार.

चांगली बातमी सांगायला इतकी धाकधूक का होते आहे?

४ फेब्रुवारी

दोन्ही कंपन्यांची तुलना करायला बसले. एकदा कागदावर आलं की डोकं थंड होतं.

आमची कंपनी. पगार उशिरा वाढतो, पंखा लवकर बिघडतो. चहा म्हणजे गरम पाण्याला कुणीतरी चहाची आठवण सांगितलेली. बढती मिळाली की टेबल खिडकीकडे हातभर सरकतं, एवढंच. पण जळालेलं, बुडालेलं, चोरांनी उचकटलेलं घर बघायला आम्ही स्वतः जातो. दारात चपला काढतो — चपला काढण्याइतकं घर उरलं असेल तर! मग घरच्या माणसाला उंबऱ्याशी उभं करायचं आणि म्हणायचं, डोळे मिटा. दार उघडलंत. आत या. आता उजवीकडे काय आहे? माणूस डोळे मिटून आपल्या घरातून चालत जातो, आणि मी मागून लिहीत जाते.

ही पद्धत कुठल्याही नियमात नाही. भिंगकाकांची आहे. त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. खिशात कायम भिंग, पण बाहेर काढलेलं मी फारसं पाहिलं नाही. म्हणायचे, "उघड्या डोळ्यांना राख दिसते. मिटलेल्यांना घर दिसतं." ते निवृत्त झाले तरी आमचा विभाग अजून तसंच करतो. साहेब बदलले, रंग बदलला, हे नाही बदललं.

नवी कंपनी. पगार बराच जास्त. ऑफिस नवं. नाव मोठं होत चाललेलं. आणि तिथून त्याची खोली चालत जाण्याइतकी जवळ.

हे मी शेवटी लिहिलं. मनात पहिलं होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरचीला सांगितलं. समोरच्या टेबलावर बसते म्हणून समोरची. इतकी वर्षं झाली की तिच्या घरचेही आता तिला फोनवर तसंच म्हणतात.

"अगं, जा! नवरा आणि पगार एकाच गावात — कुणाला मिळतं असं? मला दोन्ही एकाच गावात आहेत, फक्त दोन्ही पुरत नाहीत."

दोघी खूप हसलो. मग ती पाण्याची बाटली उगाच उघडत-लावत बसली. म्हणाली, "माझ्या डब्यातली भाजी कोण संपवणार मग?"

मी फाइलीत डोकं घातलं.

८ फेब्रुवारी, रविवार

त्याला फोनवर सांगितलं.

"अरे वा," म्हणाला. मग काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? नोकरी तुझी. तुला बरं वाटेल ते कर."

मग त्याच्या कागद कारखान्याचं सांगत बसला. मशिनं जुनी झाली, माणसं कमी करतायत, ज्यांना आपणहून जायचंय त्यांनी नावं द्या म्हणतायत. मी हूं हूं करत राहिले. मला एकच शब्द ऐकायचा होता. ये. एवढाच. बोलायला श्वाससुद्धा पुरा लागत नाही त्याला.

अकरा वर्षं. तो तिकडे, मी इकडे. महिन्यातून एकदा शनिवारी येतो, रविवारी जातो. लेक लहान होती तेव्हा शाळेचं कारण होतं, मग तिच्या परीक्षांचं, मग घराच्या हप्त्यांचं. आता लेक हॉस्टेलवर, हप्ते संपले. कारणं एकेक करून उठून गेली, आणि आम्ही आपले बसलोय तिथेच.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बायोडेटात काय लिहिलंस? जळकी घरं बघण्याचा दांडगा अनुभव?"

"हस तू."

"बाबा काय म्हणाला?"

"मला बरं वाटेल ते कर म्हणाला."

"मग चिडलाय."

"नाही गं."

"मग खूश आहे. बाबाचं काही सांगता येत नाही. दोन्हीला चेहरा एकच."

९ फेब्रुवारी

सगळं आपल्यावर सोपवणारी माणसं भली म्हणायची, की बेफिकीर? दिवसभर ठरलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊन आले तिथे. हे त्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. तो अंघोळीला गेला आहे.

आधी कंपनी. काचेची इमारत, आत पाऊल टाकताच गारवा. मुलाखत घेणारी आमच्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. हुशार, बोलायला गोड, मला उठून खुर्ची दिली. म्हणाली, "इथे तुम्हाला कुणाच्या घरी जावं लागणार नाही मॅडम. लोक फोनवरून फोटो पाठवतात. खोलीचे चार कोपरे. तुम्ही पडद्यावर बघायचं आणि नुकसान ठरवायचं."

मला एक खोली दाखवली. पाणी शिरलेली. मी म्हटलं, दोघं राहतात, एक जण आजारी आहे, पलंग दाराजवळ आणलाय, आणि कपाटाचा खालचा कप्पा आधीपासूनच कुजलेला होता, तो पुराचा नाही. तिने टाळ्याच वाजवल्या. "काय नजर आहे तुमची!"

खोटं का लिहू? सुखावले. आमच्याकडे असं कोण म्हणतं?

"आणि त्यांच्याशी बोलायचं कधी?" मी विचारलं.

"गरजच पडत नाही. तक्रार आली तर त्याला वेगळा विभाग आहे."

पण एक कबूल करायला हवं. त्यांच्याकडे दोन दिवसांत पैसे पोचतात. आमच्याकडे माणूस डोळे मिटून घर सांगतो, आणि मग महिनोन्‌महिने डोळे उघडे ठेवून पैशांची वाट बघतो. यात आमचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

आता खोली. ही त्याची तिसरी खोली; मी पहिल्यांदाच पाहिली. नेहमी तोच येतो, मी कुठे येते? स्टॅंडवर घ्यायला आला होता. हातातली पिशवी घेतली, "दमलीस?" म्हणाला. कुलूप उघडून दिलं आणि दूध आणायला गेला.

मी दारात उभी राहिले. सवय! नजर आपोआप फिरली. एक पलंग, एक उशी. एक टॉवेल. एक कप. टेबलाशी एक खुर्ची. भिंतीवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. दारामागे हूक, त्याला एक पिशवी.

तो आल्यावर चहा केला. मला कपात दिला, स्वतः पेल्यात घेतला. मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसला — पाहुण्यांकडे बसतात तसा.

"अडचण होत नाही का रे इथे?"

"एकट्याला कसली अडचण?"

१३ फेब्रुवारी

परत आले. बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून म्हणाला, "कळव मग." एवढंच.

अकरा वर्षांत या माणसाने दुसरी खुर्ची घेतली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात एकाही फाइलीत लक्ष लागलं नाही. मनातल्या मनात सारखा एकच अहवाल तयार होत होता. राहणारे — एक. पाहुणे — नाहीत. दुसऱ्या माणसाची अपेक्षा — आढळली नाही. माझी सही.

इतक्या घरांत गेले. ज्या घरात कुणीतरी यायचं असतं ते घर कळतं. एक जास्तीची चादर असते. न वापरलेली साबणाची वडी असते. कुणाच्या तरी मापाच्या सपाता असतात. तिथे काही नव्हतं. तो एकटा नीट बसलाय त्या खोलीत, घडी घालून ठेवल्यासारखा. मी गेले तर चुरगळणार.

मला काय हवं होतं? काही मोठं नाही. त्याने पेपराची पानं खडखड उलटावीत आणि मी म्हणावं, हळू रे. मी झोपलेली असताना "झोपलीस का?" विचारून त्याने मला उठवावं. ओला टॉवेल पलंगावर टाकावा. भांडायला कारण हवं, रोजचं, फुटकळ. शनिवारी येणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. रविवार वाया जातो.

आणि दोघांना एका वेळी स्वयंपाकघरात पुरेशी जागा नसावी. मला कुणाच्या तरी अडचणीत यायचंय!

नव्या कंपनीला नकार लिहून ठेवला. कारण म्हणून लिहिलं — 'कौटुंबिक'. हसूच आलं. पाठवला नाही अजून.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एका घराची पाहणी होती. पुढची खोली आणि स्वयंपाकघर जळालेलं. वायरिंग. कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारे आजोबा, त्यांची सून बरोबर. माणसं सगळी सुखरूप, एवढं बरं.

आजोबांना दारात उभं केलं. डोळे मिटा म्हटल्यावर आधी सुनेकडे बघून लाजले. मग मिटले.

"दार. डावीकडे माझी अवजारांची पेटी. वर फळीवर रेडिओ. पुढे दोन पत्र्याच्या ट्रंका, एकीला झाकण नाही. खिडकीखाली तिचं शिवणयंत्र —"

"बाबा!" सून म्हणाली. "ते कधीच विकलंय. आई गेल्यावर तुम्हीच विकलंत. मॅडम, ते लिहू नका हं, उगाच खोटं नको आपल्या नावावर."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "तू गप गं जरा. मी अजून आत चाललोय."

मी लिहिलं नाही. पण थांबवलंही नाही. त्या यंत्राचं झाकण कसं होतं, कुठला पाय लटपटायचा, बायको ते चालवताना पायाने कसा ठेका धरायची — सगळं सांगून झाल्यावर ते पुढे स्वयंपाकघरात गेले. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

भिंगकाका म्हणायचे, "नसलेली वस्तू सांगितली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. पैसे देता येणार नाहीत, पण ऐकून घ्यायचं. खरं काय गेलंय ते तिथेच कळतं." आणि एक सांगायचे, अगदी पहिल्या दिवसापासून: "घरच्या माणसाला विचारल्याशिवाय अहवाल नाही. मग तुला कितीही दिसलेलं असो."

परतताना चौकात सिग्नलला थांबले आणि अंगावर काटा आला. मी त्याच्या दारात उभी राहून चार कोपरे पाहिले. अहवाल लिहिला. सही केली. आणि घरच्या माणसाला विचारलंच नाही! काचेच्या इमारतीत टाळ्या मिळाल्या ना, त्याच नजरेने मी माझ्या नवऱ्याचा निकाल लावला.

मागचा रिक्षावाला ओरडला, "ताई, हिरवा कधीचा झालाय!"

१९ फेब्रुवारी

फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, ठेवला. परक्या माणसांना बेधडक सांगते. लग्नाच्या नवऱ्याला डोळे मीट म्हणायला लाज वाटते!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी केला. तो कारखान्याच्या फाटकापाशी होता.

"काय झालं? लेक बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. डोळे मीट."

"अगं, कामावर चाललोय. लोक बघतायत."

"कडेला हो आणि मीट रे. घराचं दार उघडलंस. आता आत जा आणि काय काय आहे ते सांग."

कुठलं घर ते मी मुद्दाम सांगितलं नाही. वाटलं, पलंगापासून सुरू करेल. उशी, टॉवेल, कप.

मग म्हणाला, "दार आधी खांद्याने ढकलायचं. खाली अडकतं ते."

मी भिंतीला टेकले. आमचं दार. इथलं. आता अडकत नाही, सुताराने रंधा मारून दिला, त्यालाही काही वर्षं झाली.

"उजवीकडे चपलांचं कपाट. त्यावर किल्ल्यांची वाटी. त्यात एक किल्ली आहे, ती कशाची ते दोघांनाही माहीत नाही. पुढे पोरीची माशांची पेटी. एकच मासा, जाडा, कायम रागावलेला. निळा पडदा, खालून उसवलाय, तू रोज म्हणतेस शिवते. मग खिडकी. खिडकीत तू. केस वाळवतेस. मला म्हणतेस, उन्हातून बाजूला हो."

मासा नाही. पेटी नाही. निळ्या पडद्याची फडकी करून संपली. माझे केस मी कधीच मानेपर्यंत कापले. तो दर महिन्याला येतो, बघतो. कापले तेव्हा "सुटसुटीत झालं" म्हणाला होता.

"अरे, माझे केस..."

"माहीत आहे. तू डोळे मीट म्हणालीस म्हणून."

मग एकदम तेच तोंडातून निघालं — "तुझ्या खोलीत दुसरी खुर्ची का नाही?"

"खुर्ची? कशाला? मला कुठे राहायचंय तिथे?"

"अकरा वर्षं राहतोयस!"

"राहतोय कुठे? थांबलोय."

"मग मला ये का नाही म्हणालास? एकदा तरी?"

फाटकातून माणसं जात असावीत, कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही. मग हळू म्हणाला, "तू इथे आलीस तर मग मी परत कुठे जायचं?"

भोंगा झाला. "जातो," म्हणाला. गेला.

मी खिडकीत जाऊन बसले. ऊन होतं. ऑफिसला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, पाहणी होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज रागही येतो आहे. हे आधी बोलता आलं नसतं? त्याने मला अडवायचं नाही, मी त्याला अडवायचं नाही. दोघांनीही इतक्या सभ्यपणे दारं उघडी ठेवली की आत कुणीच आलं नाही.

लेकीला थोडंसं सांगितलं. "म्हणजे बाबा खूश होता की चिडलेला?"

"घाबरलेला होता."

मग ती म्हणाली, "मासा मेला तेव्हा मी त्याला फोन केला होता. दोन मिनिटं काहीच बोलला नव्हता. मला वाटलेलं कट झाला."

उद्या केस कापायची वेळ घेतली होती. रद्द केली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नवी कंपनी — नाही. फोन करूनच सांगितलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. "मॅडम, पगाराचं बघता येईल थोडं."

"पगाराचं नाही गं. मला दारात उभं राहून विचारायची सवय आहे. पडद्याला काय विचारू?"

"विचारायचा पर्याय घालायला सांगते मी आमच्या लोकांना," म्हणाली. गोड आहे पोरगी. तिच्याशी जमलं असतं माझं.

समोरचीला सांगितलं. "म्हणजे भाजी सुरक्षित!" म्हणून तिने डबाच पुढे सरकवला. मग घास हातात तसाच धरून म्हणाली, "पण मग तुझं... नवरा तिकडे, पगार इकडे. आहे तिथेच की गं."

आहे तिथेच. खरं आहे. तो तिकडे डोळे मिटून घरी येतो, मी इकडे उघडे ठेवून बसते. संध्याकाळी घरी आले तर दार सहज उघडलं. अडकायला हवं होतं असं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

त्याचा फोन. आपणहून जाणाऱ्यांत नाव दिलं त्याने. वीस तारखेलाच, भोंगा झाल्यावर! मंजूर झालं कळेपर्यंत बोलला नाही. पुढच्या महिनाअखेरीस खोली सोडतोय. इकडे मिळेल ते काम बघेन म्हणाला, नाही मिळालं तर तुझा डबा करेन.

"सामानाला टेम्पो सांगू का इथून?"

"कशाला? एक तर पिशवी."

"आणि खुर्ची?"

"ती घरमालकाची आहे."